एक हात खिशात

जानेवारी महिन्यात माझ्या बाबांच्या बोटांत घास धरायची ताकद नसायची.

आम्ही ढिवर, मासे धरणारे. सावली तालुक्यातल्या आमच्या गावाला जुना तलाव आहे आणि हिवाळ्यात त्यात मोठं जाळं पडतं. जाळं टाकण्याआधी त्याचा दोर या काठावरून त्या काठाला न्यावा लागतो. तो दोर कमरेला बांधून बाबा पोहत जायचे. ट्रकच्या ट्यूबवर बसून मासे धरता येतात, पण दोर नेता येत नाही. दोर भिजला की जड होतो आणि ट्यूब उलटते. सकाळी पाण्यावर धुकं असतानाच हे काम व्हायचं. बाबा बाहेर यायचे तेव्हा ओठ जांभळे, बोटं पांढरी. आई काठावर तुराट्या पेटवून बसलेली असायची. ती भात कालवून त्यांना भरवायची, कारण त्यांची बोटं मिटतच नसत. मोठा बाप्या माणूस चारचौघांत बायकोच्या हाताने जेवतो आहे, म्हणून बाकीचे ढिवर तेवढा वेळ तलावाकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून बसायचे. ते असे का बसतात हे मला लहानपणी कळत नव्हतं.

याच दोराचं काहीतरी करायचं म्हणून मी इंजिनिअरिंगला गेले असं सांगितलं तर छान वाटेल, पण ते खोटं होईल. मी गेले कारण बारावीला मार्क चांगले पडले आणि आईने हट्ट धरला. आमच्या घरात तोवर दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मात्र चंद्रपूरला शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. रिमोटवर चालणारी एक लहान होडी करायची. तिच्या मागे बारीक नायलॉनची दोरी बांधायची. ती दोरी होडीने पलीकडे न्यायची, मग त्या दोरीने जाड दोर ओढून घ्यायचा. पाण्यात माणूस नको.

सर म्हणाले, "कल्पना चांगली आहे, पण होडी चालली नाही तर मार्क कशाचे देऊ?" ग्रुपमधल्या दोघींनी हे ऐकून आपापली नावं दुसरीकडे लावून घेतली. मी एकटी राहिले. मी हट्टी आहे, आईवर गेले आहे.

होडीचा सांगाडा बाबांनी शिवणीच्या लाकडातून कोरला. मी मोटर आणि तिचा पाणी कापणारा पंखा बसवला, स्कूटीची बारा व्होल्टची बॅटरी बसवली, रिमोटचं यंत्र बसवलं. घरी पंखा भर्रकन फिरला. आईने हळद-कुंकू लावलं. तलावात सोडली तर होडी ऐटीत निघाली, मध्यावर गेली आणि उभी राहिली. रिमोटचा दिवा चालू, होडी गप्प. बाबा ट्यूबवर बसून तिला घेऊन आले. काठावर बटण दाबलं, पंखा पुन्हा भर्रकन.

असं एकदा नाही, सात-आठ वेळा झालं. मी बॅटरी बदलली. मोटर बदलली. रिमोटची रेंज कमी पडते म्हणून एरियल लांब केली. मीटर लावून पाहिलं, दर वेळी बारा व्होल्टच्या वर. परीक्षेला बाहेरचे परीक्षक यायला अकरा दिवस उरले आणि होडी दर वेळी त्याच मध्यावर जाऊन रुसत होती. प्रोजेक्ट गेलं म्हणजे पदवी अडकली, एवढं सरळ होतं. गावात लोक बाबांना म्हणू लागले, "बापा, डोंगी आणाले तं तुमालेच पाण्यात जा लागते. मंग फायदा का झाला?"

बाबांनी एक दिवस होडी पोत्यात घातली आणि म्हणाले, "चाल, लाईनवाल्या भाऊकडं."

लाईनवाले भाऊ हे त्यांचं नाव नव्हे, पण तालुक्यात दुसऱ्या नावाने त्यांना कोणी ओळखत नसे. सावलीला बाजाराच्या मागे त्यांचं जळालेल्या मोटरींची गुंडाळी भरायचं दुकान. हिवाळ्यात ते दुकान बंद करून वडसाच्या एका नाटक कंपनीबरोबर लाईट सांभाळायला गावोगाव फिरायचे, होळीनंतर परत यायचे. उंच, वाळके, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. आणि डावा हात कायम पँटच्या खिशात.

कायम म्हणजे कायम. ते एका हाताने स्क्रू फिरवत, एका हाताने तार सोलत, त्यासाठी तार दातात धरत. एका हाताने जेवणं सोपं, पण ते नमस्कारही एकाच हाताने, छातीशी उभा तळवा धरून करत. जुन्या उस्तादाने त्यांना शिकवलं होतं की चालू लाईनवर दोन हात ठेवले तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडतो, म्हणून एक हात खिशात ठेवायचा. हे बरेच जण शिकतात. दुकान बंद केल्यावर ते हात बाहेर काढतात. भाऊंनी काढला नाही.

त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, मला नंतर एक हकीकत सांगितली. भाऊ त्यांना पाहायला आले तेव्हा पोह्याची बशी मांडीवर ठेवून एकाच हाताने खात बसले. घरात कुजबूज सुरू झाली की पोराचा हात लुळा आहे. काकूंच्या आजीला राहवलं नाही. ती सरळ म्हणाली, "बापू, तो हात दाखव बरं." भाऊ म्हणाले, "दाखवतो, पन पहिले मेन बंद करा." कोणी उठेना. मग ते स्वतः उठले, मीटरपाशी जाऊन मेन स्विच पाडला, घरभर अंधारून आलं, आणि दारातल्या उजेडात उभं राहून त्यांनी डावा हात वर करून पाचही बोटं हलवून दाखवली. मग मेन लावला आणि हात परत खिशात. "मी तवाच हो म्हणून देल्लं," काकू म्हणाल्या. "मनात आलं, हा माणूस कोनाले फसवाचा नाई."

कोणाच्याही घरी गेले की पाणी घेण्याआधी ते "मेन कुठी हाय?" विचारायचे. मयतीच्या घरीसुद्धा. लोक त्याला हसायचे आणि बोटाने दाखवायचे.

आम्ही दुकानात शिरलो. बाबा म्हणाले, "भाऊ, पोरीची डोंगी चालून नाई राह्यली."

"डोंगी चालत नाई तं डोंगीवाल्याकडं न्या. तुमीच तं डोंगीवाले."

"करंटवाली डोंगी हाय ना जी."

"मंग असं बोला ना, दादा." त्यांनी खडू माझ्या हातात दिला. दुकानाच्या दाराची एक फळी काळ्या रंगाने रंगवलेली होती आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने तीन ओळी कायमच्या लिहिलेल्या होत्या: काय होते. कवा होते. कवा होत नाई. प्रत्येकीपुढे मोकळी जागा. "लिह्य माय. लिहिल्याबिगर मी वस्तूले हात लावत नाई."

मला राग आला. मी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, हे माझी पाटी भरून घेतात. तरी लिहिलं. बंद पडते. तलावात, मध्यावर. तिसऱ्या ओळीपुढे मी अडले.

"कवा होत नाई?"

"बाकीच्या वेळी होत नाही."

"बाकीची वेळ म्हणजे कोनती? सोमवार का मंगळवार?"

दिवसांचं त्यांनी उगीच काढलं नव्हतं. सावलीतल्या राईस मिलची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. मिलची मोटर अधूनमधून बंद पडे. मालकाने दोनदा नवी गुंडाळी भरून घेतली, तरी तेच. भाऊंनी मोटरकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी मालकाला दाराशी उभं करून तिसरी ओळ भरायला लावली. तासाभराने निघालं की बाजाराचा दिवस सोडून कधीच बंद पडत नाही. पुढच्या बाजाराला भाऊ सकाळीच मिलसमोर खुर्ची टाकून बसले, मोटरकडे पाठ करून. दहाच्या सुमाराला एक मिरचीवाली आली आणि तिने आपल्या ताडपत्रीची दोरी मिलच्या वायरीला आधार देणाऱ्या खांबाला बांधली. वारा आला, ताडपत्री फुगली, खांब हलला, वरचा ढिला जोड सुटला, मिल बंद. भाऊ उठले आणि मिरचीवालीला म्हणाले, "बाई, दोरी त्या निंबाले बांध." मग एक हात खिशात ठेवून खांबावरचा जोड आवळून घेतला. मालकाला ते नंतर म्हणाले, "तुह्यी मोटर बिचारी उगाच दोनदा सोलली."

तर मी लिहिलं: घरी होत नाही. हातात धरून होत नाही. टबात होत नाही. काठावर परत आणल्यावर होत नाही.

भाऊंनी ते दोनदा वाचलं. "टबात किती वेळ चालवली?"

"मिनिटभर."

"आन् तलावात किती वेळानं बंद पडते?"

"तीन-चार मिनिटं."

"मंग टबात तू तिले बंद पडाले वेळच देल्ली नाई."

कॉलेजच्या चार वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि खरं म्हणजे मीही स्वतःला विचारला नव्हता.

"पण मीटर बारा दाखवतो," मी म्हणाले.

"रिकामं बसलं असताना कोनीही बारा दाखवते. कामाले लावून पाह्य."

दुकानापुढे सिमेंटचं टाकं होतं. त्यात होडी सोडली, नाकाला सुतळी लावून खिळ्याला बांधली आणि पूर्ण वेगाने चालू केली. होडी जागच्या जागी पाणी कापत, सुतळी ताणत राहिली. आम्ही तिघं टाक्याच्या काठावर. भाऊंचा एक हात खिशात, एका हातात चहाचा कप. पहिलं मिनिट गेलं, दुसरं गेलं. बाबा मध्येच म्हणाले, "इथी तं मस्त चालून राह्यली." चौथ्या मिनिटाला पंख्याचा आवाज बसला आणि होडी थांबली.

माझा हात सवयीने पुढे गेला. उचलायचं, हलवायचं, वायरी दाबून पाहायच्या.

"हात नोको लावू!" भाऊ इतक्या जोरात ओरडले की बाजूचा पानवाला उभा राहिला. "डॉक्टर येवाच्या आंधी बिमार माणसाले हालवून, हसवून, तोंड धुवून बसवते का कोनी? आता तिचं दुखून राह्यलं, तं आताच पाहू द्या."

तेव्हा कळलं की दर वेळी आम्हीच पुरावा पुसत होतो. तलावातून ओढून काठावर आणेपर्यंत जे काही तापलेलं असेल ते थंड व्हायचं, हलवाहलवीत जोड पुन्हा टेकायचा, आणि होडी साळसूदपणे चालू.

भाऊंनी त्यांचा बल्ब काढला. मोटरसायकलच्या पुढच्या दिव्याचा बल्ब, त्याला दोन तारा, तारांना चिमटे. मीटर त्यांच्याकडे होता, पण जेवणाच्या डब्यात फडक्यात गुंडाळलेला आणि पाहुण्यासारखा कधीतरी बाहेर येणारा. बल्ब पेटायला खरा करंट लागतो, मीटरला लागत नाही; म्हणून कुजकी वायर मीटरला फसवते, बल्बला नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पाहिलं त्या दिवशी.

एक चिमटा त्यांनी बॅटरीच्या प्लसवर ठेवला आणि दुसरा मायनसवर. बल्ब लख्ख. मग दुसरा चिमटा मायनसच्या वायरीवरून वीतभर पुढे. लख्ख. आणखी पुढे, बॅटरी आणि मोटर यांच्यामधल्या जोडापर्यंत. लख्ख. जोडाच्या पलीकडे चिमटा लावला आणि बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा लाल झाला.

"हे पाह्य," भाऊ म्हणाले. "इथी अडते."

ते वाकले, जोडाला नाक लावलं आणि थांबले. पुन्हा वास घेतला. "हा वायरीचा वास नोय. हा डोंग्याचा वास हाय."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा जमिनीकडे पाहत होते.

डोंग्याच्या फटी बुजवायला आमच्याकडे राळ टोरीच्या तेलात, म्हणजे मोहाच्या बियांच्या तेलात, उकळून भरतात. बाबांनी माझ्या होडीच्या सांगाड्याला ती लावली होती, ते मला माहीत होतं. जोड उघडून, त्याच्या आतल्या तांब्यावरही लावली होती, ते माहीत नव्हतं. राळ वीज जाऊ देत नाही. थोडं तांबं तांब्याला टेकत होतं तोवर पंखा हवेत फिरे. पाण्यात जोर लागला की तेवढाच जोड तापे, राळ पातळ होऊन मध्ये शिरे आणि रस्ता बंद.

"मीच लावली," बाबा हळू आवाजात म्हणाले. "तू कालेजात गेली होतीस. मले वाटलं, वायरीत पानी गेलं तं पोरीची डोंगी बुडन."

"बाबा!" मी म्हणाले. वाया गेलेले दिवस, सात-आठ फेऱ्या, दोन मोटरी, सगळं त्या एका शब्दात होतं. मी पुढेही काही बोलले असते. आजही मला त्या न बोललेल्या वाक्याची भीती वाटते, कारण ते जिभेवर आलेलं होतं.

भाऊंनी मला बोलू दिलं नाही. मला नुसतं म्हणाले, "बॅटरीची तार काढ." मी काढली. त्यांनी नीट पाहून खात्री केली. आणि डावा हात खिशातून बाहेर काढला.

तो हात मी पहिल्यांदाच पाहत होते. उजव्यापेक्षा गोरा होता, बायकांच्या हातासारखा मऊ. भाऊंनी दोन्ही हात जोडून बाबांना नमस्कार केला.

"दादा, तीस वर्षं मी पाण्यातल्या मोटरीचे जोड करून राह्यलो. टेप लावली, रबर लावलं, मेण लावलं. दोन पावसाळ्याच्या वर जोड टिकत नाई. अन् ह्या तुमच्या राळीत थेंब गेला नाई बघा, तांबं अजून लाल हाय. हे कसं उकळता, मले सांगता का?"

बाबांनी मान वर केली. "राळ पहिले कुटाची," ते म्हणाले, मग थांबले. "पन जी, हे चुकलं ना माह्यं?"

"राळ नाई चुकली. पाळी चुकली. आंधी तांबं तांब्याले पक्कं भेटू द्या, मंग वरून तुमची राळ."

त्या दुपारी मी पेट्रोलने जोड धुतला आणि तो काढून टाकून वायरी सोल्डरने सरळ झाळून घेतल्या. भाऊंनी माझ्या झाळणीला दोनदा नावं ठेवली, दोनदा परत करायला लावलं. मग काकूंच्या चुलीवर बाबांनी राळ उकळली आणि माझ्या जोडावर बोटाने थापली, आणि भाऊ शेजारी उकिडवे बसून, हात पुन्हा खिशात घालून, शाळेतल्या पोरासारखे विचारत राहिले, "आता? आता टाकाचं?" टाक्यात होडी अर्धा तास चालली. शेवटी बॅटरी दमली, होडी नाही.

निघताना मी विचारलं, "भाऊ, बारा व्होल्टने काय होणार आहे? तरी तुम्ही हात खिशात ठेवता."

"बारासाठी सवय मोडली का, दोनशेतीसच्या वक्ती ते आठवत नाई, माय."

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी होडी कॉलेजच्या हौदात चालवून पाहिली. मी म्हटलं, सर, दहा मिनिटं चालू द्या, मिनिटभर नको. ते हसले, पण थांबले. मग विचारलं, अडचण काय आली आणि ती कशी शोधलीत? मी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या आणि भरून दाखवल्या. जोडावरच्या पिवळ्या थराकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, हे कोणतं मटेरियल? मी म्हणाले, "राळ आणि मोहाच्या बियांचं तेल. माझ्या वडिलांनी केलंय." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय ते मला अजून माहीत नाही.

आता मी धानोऱ्याला वीज कंपनीत कनिष्ठ अभियंता आहे. जंगलातल्या लाईनी, झाड पडलं की सहा गावं अंधारात. लाईनमन फोन करतात, "मॅडम, फॉल्ट आहे," तेव्हा मी विचारते, कधी होत नाही? सुरुवातीला ते चिडायचे. आता वही घेऊनच फोन करतात. नोकरीचं पत्र घेऊन मी पेढे द्यायला भाऊंकडे गेले होते. त्यांची नजर आता कमी झाली आहे, दुकान बरेचदा बंद असतं. पत्र त्यांनी डोळ्यांशी नेऊन पूर्ण वाचलं. पेढा तोंडात घातला आणि विचारलं, "तुले कंपनीनं घर देल्लं ना? त्यातला मेन कुठी हाय?" मला सांगता आलं नाही. ते म्हणाले, "मंग पेढे काऊन वाटून राह्यली? जा, पहिले पाहून ये."

मी पाहून आले. दाराच्या मागे, उजव्या बाजूला.

भाऊंनी केलेले पंपाचे जोड आता तालुक्यात राळेचे असतात, आणि विचारणाऱ्याला ते माझ्या बाबांचं नाव सांगतात. बाबा मात्र कोणी विचारलं की म्हणतात, लाईनवाल्या भाऊंनी शिकवलं. मी दोघांचंही खरं मानते.

माझ्या घरातली मी पहिली पदवीधर आहे. आमच्या तलावात आता दोर न्यायला माणूस उतरत नाही. जानेवारीत बाबा रिमोट घेऊन काठावर उभे असतात, आणि नंतर आपल्या हाताने जेवतात.